आधी फाईल मागा, ताई

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून):

निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदार घरातल्या ४१ वर्षांच्या ताई लिहितात. अंगावर खूप जायचं, पिशवीला गाठी निघाल्या, म्हणून १५ महिन्यांपूर्वी नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात दुर्बिणीतून गर्भपिशवी काढली. पाचव्या दिवशी घरी आल्या. नवव्या दिवशी पहाटे अंथरूण ओलं झालं आणि मग ते थांबेचना. रुग्णालयात फोन केले, दोनदा जाऊन दाखवलं. 'टाके विरघळतायत, अशक्तपणा आहे, होईल कमी' असं सांगून गोळ्या दिल्या. २७व्या दिवशी भावानं दुसऱ्या रुग्णालयात नेलं. तिथे सीटी स्कॅनमध्ये डाव्या किडनीकडून येणारी लघवीची नळी दुखावल्याचं आणि किडनीला सूज असल्याचं दिसलं. स्टेंट (नळी आतून मोकळी ठेवणारी बारीक नळी) टाकायचा प्रयत्न फसला, शेवटी पोट उघडून नळी मूत्राशयाला पुन्हा जोडावी लागली. पहिलं बिल ८५ हजार, त्यातल्या २० हजारांची पावती नाही. दुसरा खर्च २ लाख ८० हजार. आता पहिल्या डॉक्टरांनी मध्यस्थामार्फत १ लाख देऊ केले आहेत, 'आमची काही तक्रार नाही' असं स्टॅम्पपेपरवर लिहून देण्याच्या अटीवर. धाकटे दीर म्हणतात, पोरं घेऊन जातो आणि बघतो. सासूबाई म्हणतात, त्याच डॉक्टरांच्या हातून घरातली तीन बाळंतपणं झाली, दुखण्याचा बाजार मांडू नका. एकानं '५० लाख काढून देतो, ३० टक्के माझे' असं सांगितलंय. ताई विचारतात: डॉक्टरची चूक कोर्टात आम्ही कशी सिद्ध करणार? आणि पैसे मागणं बरोबर आहे का?

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीन-चारदा वाचलं. 'विरळणीला (घडातले जादा मणी काढायला) बायका आल्या तेव्हा लक्ष ठेवायला म्हणून मी बागेत जायचे, पण सगळ्यांपासून दोन ओळी लांब बसायचे, साडीखाली खताच्या गोणीतला प्लास्टिकचा कागद घेऊन.' वास येईल या भीतीनं तुम्ही जेवणाच्या वेळीही त्यांच्यात बसला नाहीत. नववा दिवस ते २७वा दिवस, म्हणजे १८ दिवस. या १८ दिवसांकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते तुमचं सगळं प्रकरण तिथे आहे.

आधी थोडं कडू बोलते. 'ऑपरेशननंतर नळी दुखावलेली निघाली, म्हणजे डॉक्टर दोषी', असं तुम्ही धरून चालला आहात. कायदा असं धरत नाही. लघवीची ही नळी, युरेटर म्हणतात तिला, जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीची असते आणि गर्भपिशवीला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या अगदी खालून जाते. पिशवीच्या तोंडापासून तिचं अंतर दीड-दोन सेंटिमीटर. गाठी असतील तर ती जागची सरकलेलीही असते. सराईत हातांकडूनही तिला इजा होऊ शकते, आणि वैद्यकीय पुस्तकांत ती या ऑपरेशनची माहीत असलेली गुंतागुंत म्हणूनच नोंदलेली आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनात रक्त थांबवायला उष्णता वापरतात. तिनं नळी भाजली तर टेबलावर काही दिसत नाही. काही दिवसांनी तो भाग झडतो आणि मग गळती सुरू होते. तुमचा नववा दिवस त्यात बसतो. नेमकं हेच झालं असं मी म्हणत नाही, पण समोरचे वकील पहिल्याच उत्तरात हे म्हणतील, म्हणून ते आज माझ्याकडून ऐका.

सर्वोच्च न्यायालयानं २००५च्या जेकब मॅथ्यू निकालात सांगितलेली कसोटी साधारण अशी: त्या जागी वाजवी कौशल्य असलेला, साधारण काळजी घेणारा डॉक्टर काय करेल? त्याच्या हातून उपचार यशस्वी झालाच पाहिजे, असं न्यायालय म्हणत नाही. मग त्याच कसोटीवर ते १८ दिवस ठेवून बघा. पिशवी काढलेली बाई नवव्या दिवशी सांगते की सतत पाणी जातंय, कपडे बदलून पुरत नाहीत. वाजवी काळजी घेणाऱ्या डॉक्टरला इथे मूत्रमार्गाची शंका यायला हवी होती. आणि ती शंका तपासायला काही मोठी यंत्रणा लागत नाही. गळणारं पाणी थोडं गोळा करून त्यातलं क्रिएटिनिन (लघवीतून बाहेर पडणारा घटक) मोजलं की ती लघवी आहे की दुसरा स्राव, हे कळतं. मूत्राशयात निळा रंग सोडून बघतात. योनीमार्गात ठेवलेला बोळा निळा झाला तर भोक मूत्राशयाला, आणि निळा न होताच ओला झाला तर संशय वरच्या नळीवर. किडनीची साधी सोनोग्राफी सूज दाखवते. नाशिकमध्ये यातलं काहीही दुर्मीळ नाही. तुम्ही दोनदा समोर जाऊन बसलात आणि गोळ्या घेऊन परत आलात. तेव्हा 'चाकू कसा चालला' हे सिद्ध करायच्या मागे लागण्यापेक्षा 'सांगूनही तपासलं का नाही' हा प्रश्न विचारा. पहिल्याचं उत्तर ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराआड आहे. दुसऱ्याचं उत्तर कागदांवर आणि तुमच्या फोनमध्ये आहे.

म्हणून सगळ्यात आधी फाईल मागा. वकील नंतर, नोटीस नंतर, भांडण तर नकोच. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२च्या आचारसंहितेप्रमाणे, दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायची असतात आणि रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहा: 'माझ्या संपूर्ण इनडोअर केसपेपरच्या प्रती मिळाव्यात'. कारण लिहायची गरज नाही. दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर तारीख, वेळ आणि शिक्का घेऊन पोच म्हणून ठेवा. पोच देत नसतील तर तोच अर्ज रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा. नाहीच दिली फाईल, तर शहरातल्या रुग्णालयांची नोंदणी करणाऱ्या महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे लेखी तक्रार करता येते. आणि फाईल दाबून ठेवणं ग्राहक आयोगासमोर (भरपाई तिथे मागायची असते, त्याबद्दल पुढे सांगते) रुग्णालयाच्याच अंगावर येतं.

डिस्चार्ज कार्डवर समाधान मानू नका, ते सारांशाचं पान आहे. ऑपरेशनच्या नोंदीत नळी ओळखून बाजूला केल्याचा उल्लेख आहे का, बघायला सांगा. संमतीपत्र कुठल्या भाषेत आहे, छापील नमुन्यातल्या रिकाम्या जागा भरल्यात का आणि सही कोणाची आहे, हेही बघा. २००८च्या समीरा कोहली निकालात एका सज्ञान बाईची गर्भपिशवी तिच्या स्वतःच्या संमतीशिवाय, आईची संमती घेऊन काढली होती. न्यायालयानं ते अमान्य केलं. म्हणजे तुम्ही शुद्धीवर असताना, सही करू शकत असताना नुसती तुमच्या यजमानांची सही पुरत नाही. नळीला इजा होऊ शकते हे तुम्हाला आधी सांगितलं होतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तोही विचारण्यासारखा आहे.

दोन वेळा दाखवायला गेलात त्या ओपीडीच्या चिठ्ठ्या शोधा. औषधाच्या दुकानाचं बिल असेल तर त्यावर तारीख असते. मोबाइलमधली कॉलची यादी आजच स्क्रीनशॉट काढून ठेवा, रुग्णालयाच्या नंबरवरचे आलेले-गेलेले सगळे कॉल. व्हॉट्सॲपवर काही लिहिलं असेल तर पुसू नका आणि तो फोन विकू किंवा बदलू नका. फोनमधला पुरावा देताना त्यासोबत एक प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील तयार करतील. मग एका वहीत नवव्या दिवसापासून रोज काय झालं ते आठवून लिहा, अगदी दिवसाला किती वेळा साडी बदलली इतकं. गोणीतल्या कागदाचंही लिहा. त्या दिवसांत तुमच्याजवळ असलेल्या माणसांना आत्ताच विचारा, आणखी वर्षानं त्यांनाही नीट आठवणार नाही.

दुसऱ्या डॉक्टरांकडून 'पहिल्याची चूक आहे' असं लिहून घेण्याचा हट्ट धरू नका. बहुतेक डॉक्टर ते देत नाहीत, आणि संबंध बिघडले तर तुमचे पुढचे उपचार अडतील. त्यांच्याकडून फक्त हकीकत मागा: तुम्ही कधी आलात, काय सांगितलंत, काय आढळलं, काय करावं लागलं. तेवढं बोलकं आहे. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्ये म्हटलं आहे. तरी तुमच्यासारख्या प्रकरणात ते असलेलं बरं. नाशिकच्या बाहेरच्या एखाद्या यूरोलॉजिस्टला (मूत्रविकारतज्ज्ञाला) फाईल दाखवून फी देऊन मत घेता येतं, आणि ते मत तुमच्या विरुद्ध गेलं तर तेही तुम्हाला दावा लावण्याआधी कळलेलं चांगलं.

आता कुठे जायचं ते. पैशांची भरपाई मिळते ती ग्राहक आयोगात. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता निकालापासून ठरलेलं आहे. २०१९च्या नव्या कायद्यानंतर पुन्हा शंका काढली गेली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं २०२१मध्ये ती फेटाळली आणि सर्वोच्च न्यायालयानंही पुढच्या वर्षी त्यात हात घातला नाही. तुम्ही रुग्णालयाला दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत आहे, म्हणून तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगातच. ५ लाखांपर्यंत दिलेल्या रकमेवर तक्रारीचं शुल्कही नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ती ऑनलाइन दाखल करता येते. (ज्यांनी उपचार मुंबई-पुण्यात घेतले पण राहतात नाशिक जिल्ह्यात, त्यांनाही आता आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. हे अजून अनेकांना माहीत नाही.)

मुदत २ वर्षं. ती गळती कळल्यापासून मोजायची की ऑपरेशनपासून, यावर वाद घालता येतो, पण तुम्ही तो वाद ओढवून घेऊ नका. ऑपरेशनच्या तारखेपासून मोजा. १५ महिने गेले, ९ उरले. फाईल, मत, नोटीस यात तीन-चार महिने सहज जातात. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याची कारणं पटवून द्यावी लागतात आणि समोरचे पहिलं बोट तिथेच ठेवतात.

तक्रारीत डॉक्टर आणि रुग्णालय दोघांनाही पक्षकार करा. ऑपरेशन नक्की कोणी केलं, दुर्बिणीसाठी बाहेरून कोणी आलं होतं का, हे तुम्हाला ठाऊक नाही असं तुम्हीच लिहिलंय. त्याची धास्ती घेऊ नका. १९६३मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात एका बाईच्या पोटात नसबंदीच्या ऑपरेशनमध्ये कापडाचा बोळा राहिला आणि काही दिवसांत ती गेली. तो दावा १९९६पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चालला. नेमक्या कोणत्या हातानं बोळा आत राहिला हे ठरवता आलं नाही तरी रुग्णालय चालवणारं सरकार जबाबदार आहे, असं न्यायालयानं धरलं. ३३ वर्षं लागली त्या कुटुंबाला, तेव्हा ग्राहक आयोग नव्हते. तुम्हाला इतकी लागू नयेत, पण कायद्यातली तीन-पाच महिन्यांची मुदत प्रत्यक्षात पाळली जात नाही हेही खरं. वर्षं जातात. समोरचे राज्य आयोगात अपिलात गेले तर त्यांना ठरलेल्या रकमेचा निम्मा भाग आधी भरावा लागतो, एवढा दिलासा कायद्यात आहे.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली तर डॉक्टरची नोंदणी काही काळ रद्द होऊ शकते, पण पैसे मिळत नाहीत. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात. पोलिसांकडे जाऊ नका असं मी म्हणेन. फौजदारी गुन्ह्यासाठी हलगर्जीपणा फार ढोबळ असावा लागतो आणि आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं. तुमच्या हकीकतीत तो टप्पा मला दिसत नाही, आणि तो अर्ज निकाली निघाला तर त्याचा कागद समोरचे आयोगात नाचवतील.

धाकट्या दिरांना मात्र आजच बसवून सांगा. महाराष्ट्रात २०१०पासून रुग्णालयात मारहाण-तोडफोड केली तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीची दुप्पट भरपाई अशी तरतूद आहे. त्या एका संध्याकाळनंतर तुमची फाईल कोणी वाचणार नाही, सगळे काच फुटल्याचं बोलतील. त्यांचा राग तुमच्यावरच्या मायेपोटी आहे, त्याला काम द्या. बिलं लावणं, नाशिकच्या खेपा, पोच घेणं हे त्यांच्याकडे सोपवा.

५० लाखवाल्या गृहस्थांना दारातूनच परत पाठवा. वकिलाला निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, आणि वकील नसलेल्याचा तर प्रश्नच येत नाही. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर महिलांना उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्य मिळतं. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या न्यायालयातही समिती असते. फोन १५१००.

१ लाखाचं काय? तडजोड वाईट असते असं मला वाटत नाही. वर्षानुवर्षं तारखा बघण्यापेक्षा योग्य रकमेवर मिटणं अनेकांना मानवतं. पण स्वतःचा हिशेब मांडल्याशिवाय रक्कम योग्य की अयोग्य हे कसं कळणार? दुसरं ऑपरेशन २ लाख ८० हजार. जाणं-येणं. विरळणीला आणि नंतर तोडणीला तुमच्या जागी लावलेल्या बायकांची मजुरी. घरचा स्वयंपाक, गुरं, मुलांचं बघायला बहीण येऊन राहिली ते दिवस. घरकामाला पैशात मोल आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मोटार अपघाताच्या दाव्यांत अनेकदा, जानेवारी २०२१मध्येही, सांगितलंय. किडनीचा पुढचा खर्च. आणि वेदना, त्यांनाही वेगळा आकडा असतो. हा हिशेब कागदावर आल्यावर १ लाखाकडे बघा. बोलणी करायचीच तर वकिलामार्फत लेखी करा, रक्कम बँकेतून घ्या, मूळ कागद कोणाला देऊ नका आणि 'पूर्ण व अंतिम' हे शब्द असलेल्या कशावरही एकटीनं सही करू नका. तक्रार दाखल झाल्यावर आयोगच प्रकरण मध्यस्थीला पाठवू शकतो, आणि तिथला समझोता आयोगाच्या नोंदीवर येतो.

सासूबाईंचा मुद्दा मी हलका धरत नाही. तीन बाळंतपणं सुखरूप करणाऱ्या माणसाबद्दल कृतज्ञता वाटणं साहजिक आहे, आणि ती तशीच राहू द्यावी. पण त्यांना एवढं विचारा: द्राक्षाला औषध मारताना शेजाऱ्याच्या बागेचं नुकसान झालं आणि शेजाऱ्यानं भरून मागितलं, तर तो बाजार मांडतो असं आपण म्हणतो का? डॉक्टर देशोधडीला लागतील अशीही त्यांना भीती असेल. बरेच डॉक्टर आणि रुग्णालयं अशा दाव्यांसाठीच विमा काढून ठेवतात. तुम्ही कोणाचं घर मोडायला निघालेल्या नाही आहात. दुसऱ्या ऑपरेशनसाठी काढलेलं सोसायटीचं कर्ज तुमच्या नावावर बसलंय, ते तिथून उचलायला निघाला आहात.

आणि लाज. पत्राच्या शेवटी, बाजूला बारीक अक्षरात तुम्ही लिहिलंय, 'हे सगळं पुरुषांसमोर बोलावं लागेल का?' आयोगाचं काम मुख्यतः प्रतिज्ञापत्रांवर आणि कागदांवर चालतं. दर तारखेला तुम्ही जायची गरज नसते, वकील जातात. सुनावणी व्हिडिओवरून घ्यावी असा अर्जही करता येतो. हवं तर वकील बाई निवडा आणि तिला पहिल्या भेटीतच ती वही वाचायला द्या, म्हणजे तोंडानं पुन्हा सगळं सांगावं लागणार नाही.

ज्यांचे उपचार सरकारी रुग्णालयात पूर्ण मोफत झाले त्यांना मात्र ग्राहक आयोगाचा रस्ता बहुधा बंद असतो, त्यांनी दिवाणी न्यायालयाचा विचार करावा. खासगी रुग्णालयात महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून किंवा विम्यातून उपचार झाले असतील तर 'आपण कुठे पैसे भरले' म्हणून मागे राहू नये. पैसे दुसऱ्यानं भरले तरी ती सशुल्क सेवाच ठरते.

एक गोष्ट तुमच्या पत्रात मला सापडली नाही. दुसऱ्या ऑपरेशननंतर डाव्या किडनीची सूज उतरली का, शेवटची सोनोग्राफी कधी झाली? जोडलेली नळी पुढे आकसू शकते आणि ते दुखल्याशिवायही होतं. फाईलचा अर्ज द्यायला नाशिकला जाल त्याच दिवसाची यूरोलॉजिस्टकडची वेळ आत्ताच घेऊन ठेवा.